खैरपेठची खाली टांगलेली घंटा

सीताबर्डी

खैरपेठला कोणी हौसेने जात नाही. लोक धोतरजोड्यांसाठी उमरेडला जातात, देवासाठी रामटेकला जातात, आणि उन्हाळा लागला की लाटसाहेबांची कचेरी पचमढीला जाते. मी खैरपेठला गेलो तो माणसे मोजायला. तेव्हा ज्यांनी ते गाव पाहिलेले नाही त्यांनी फार हळहळू नये. पण तिथे मी एक रविवार काढला, आणि त्या रविवारचे काम अजून पुरते संपलेले नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

नागपुरात आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांची एक समिती आहे. कोणत्या गावी कोण पाळक राहील हे ती ठरवते. गावे पुष्कळ आणि पाळक थोडे, म्हणून समितीने असा ठराव केला, की ज्या गावात रविवारच्या उपासनेला चाळीस माणसे हजर नसतील तिथला पाळक काढून घ्यावा, महिन्यातून एकदा नागपुराहून उपदेशक पाठवावा, आणि गिऱ्हाईक असेल तर जागा विकून टाकावी. खैरपेठच्या जागेला गिऱ्हाईक होते. कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्याचा, म्हणजे जिनिंगच्या कारखान्याचा, एक मालक त्या जागेवर कधीपासून डोळा ठेवून होता. म्हणजे जागा विकायचे जवळजवळ ठरले होते, फक्त माणसे कमी आहेत हे ठरायचे राहिले होते.

त्या कामाला माझी निवड झाली. मी जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरीला आहे आणि मोजमापात चूक करत नाही, असे सभेत सांगण्यात आले. खरे म्हणजे त्या रविवारी दुसरे कोणी मोकळे नव्हते. शिवाय खैरपेठच्या मंडळीचा आणि तिच्या पाळकांचा थोडक्यात इतिहासही लिहून आणा, असे मला सांगण्यात आले. आमच्या समितीला इतिहासाची आवड आहे, पण ती एखादी गोष्ट बंद पडण्याच्या बेतात आली म्हणजेच जागी होते.

निघताना घरच्यांनी दशम्या आणि लिंबाचे लोणचे बांधून दिले आणि एवढेच सांगितले, "तिथलं जेवण जेवून मग मोजू नका. आधी मोजा."

हा सल्ला मला पाळता आला नाही.

उमरेडच्या पुढे

इतवारीहून सुटणाऱ्या छोट्या रुळाच्या गाडीविषयी सांगण्यासारखे काही नाही. ती उमरेडला पोचली. तिथून पुढे छकडा. पौषाचे दिवस होते. ज्वारी काढून झाली होती, हरभरा घाट्यांवर आला होता, आणि बांधाबांधाला तुरी उभ्या होत्या. आमच्याकडे सीताबर्डीला हिवाळा म्हणजे संध्याकाळी मफलर गुंडाळून फिरायला निघायचे. इथे हिवाळा जमिनीतून वर येतो आणि छकड्याच्या फळीतून अंगात शिरतो.

गाडीवानाने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुमीच का गा ते मोजनारे?"

मी विचारले, तुला कसे कळले? तो म्हणाला, साऱ्या गावाला ठाऊक आहे. मग बैलाची शेपटी पिरगाळून तो पुढे जे म्हणाला त्यावर मी त्या वेळी विचार केला नाही. तो म्हणाला, "काळजी नोका करू. मोजाले भरपूर भेटन."

खैरपेठ, शनिवार

चर्चचे आवार गावाच्या टोकाला, विणकरांच्या वस्तीला, म्हणजे कोष्टीपुऱ्याला, लागून आहे. फाटकापासून चर्चच्या दारापर्यंत सरळ वाट, आणि दोन्ही बाजूंना कडुनिंबाची जुनी झाडे. मी फाटकात उतरलो तेव्हा ती वाट मला दिसलीच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेले होते. पांढरे सूत, कडेला तांबडी किनार, खाली जागोजागी बांबूच्या कैच्या. दोन्ही अंगांनी बायाबापड्या कुंचे घेऊन त्याला खळ लावत चालल्या होत्या. विणण्याआधी ताण्याला अशी खळ पाजावी लागते, आणि त्यासाठी लांब, सरळ, सावलीची जागा लागते. अशी जागा खैरपेठेत ही एकच.

दाराशी एक उंच, वाळके, अनवाणी गृहस्थ उभे होते. हे पाळक दानिएलबुवा. त्यांनी लांबूनच हाक दिली, "वाकून या, साहेब. इथे देवाच्या दारी यायचं तर आधी ताण्याखाली वाकावं लागतं. सोयीचंच आहे ते."

मी वाकलो, पण पुरेसा वाकलो नाही. माझ्या काळ्या कोटाच्या पाठीला लांबच लांब खळ लागली. संध्याकाळपर्यंत ती अशी वाळली की कोट काढून भुईवर ठेवला तर बसल्यासारखा ताठ राहिला. पाळकीणबाई सारूबाईंनी तो पाहिला आणि हसू दाबून म्हणाल्या की नागपूरच्या समितीतून आलेल्या माणसाचा कोट इतका ताठ यापूर्वी त्यांनी पाहिला नव्हता.

चर्च लहान आहे. भिंती जाड, कौले नवी, मनोरा नाही. आणि मनोरा नाही म्हणून घंटा पडवीत, दाराच्या मधोमध, एका सागवानी तुळईला टांगलेली. तिची दोरी आत शिरणाऱ्याच्या कपाळाशी लोंबते. घंटा एवढी मोठी की तिच्यासमोर चर्चच तिच्यासाठी बांधल्यासारखे वाटते. इतिहास विचारायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागते, असे दानिएलबुवा म्हणाले. आणि पडवीत बसून त्यांनी जो सांगितला तो असा.

पहिले पाळक म्हणजे एक गोरे साहेब. ते तंबू घेऊन आले. गावच्या मालगुजाराने त्यांना ही जमीन दिली, कारण तिच्यात काही पिकत नव्हते, आणि साहेबांनी ती आनंदाने घेतली, कारण त्यांना पीक दुसरेच काढायचे होते. भिंती उभ्या राहण्याआधीच त्यांनी विलायतेहून घंटा मागवली. घंटा आली तेव्हा मनोऱ्याचा पाया झाला होता. घंटेचा बोजा पाहून मिस्त्री म्हणाला की या पायावर ही चढली तर दोन्ही खाली येतील. साहेबांनी तात्पुरती ती पडवीत टांगली. ती तात्पुरतीच आहे. पुढच्या प्रत्येक पाळकाने येताच मनोऱ्याचा विषय काढला आणि जाताना तो पुढच्याच्या हवाली केला.

दुसरे पाळक आपल्यातले, मोठे विद्वान, संस्कृत जाणणारे. त्यांच्या प्रवचनाला मालगुजाराचे शास्त्रीबुवा मुद्दाम येऊन बसत आणि मान डोलवत. मंडळीतल्या कोणाला त्यातला शब्द कळत नसे. याच विद्वानांनी सतरंज्या काढून बाके आणली. जुन्या माणसांनी बाकांवर बसायचे कबूल केले, पण पाय वर घेऊन मांडी घालूनच. ती पद्धत अजून चालू आहे.

तिसरे पुन्हा साहेब. त्यांच्या वेळी मोठा दुष्काळ पडला. आवारात धान्य वाटले जाई. मंडळी एवढी वाढली की उपासना निंबाखाली घ्यावी लागे. समितीच्या अहवालात त्या वर्षाला मोठी जागृती म्हटले आहे. पुढे पाऊस चांगला झाला आणि जागृती आपापल्या शेतावर परत गेली. पण आवारातली गोड्या पाण्याची विहीर त्याच साहेबांची. ती मात्र आटली नाही, धान्याच्या वेळीही नाही आणि नंतरही नाही.

चौथे पाळक सापांना भीत. त्यांच्याविषयी एवढेच.

पाचवे हे स्वतः दानिएलबुवा. ते तरुणपणी आले तेव्हा कोष्टी लोक ताणा भर रस्त्यात ताणत आणि जाणाऱ्यायेणाऱ्या गाड्या सूत तोडत. बुवांनी फाटक उघडून दिले. सकाळी ताणा, रविवारी उपासना. शिवाय बुवांना गळा आहे. आपली गीते ते कीर्तनाच्या चालीवर म्हणतात, मागे टाळ असतो, आणि पूर्वरंग रंगला की कोष्टीपुरा भिंतीपलीकडे बसून ऐकतो. त्यांनी मनोऱ्याचा विषय कधीच काढला नाही. तोच त्यांचा इतिहासातला नवा भाग.

मी विचारले, उद्या किती येतील?

बुवांनी लपवाछपवी केली नाही. ते म्हणाले, "एकोणीस. मारुतरावांचा गुडघा दुखत नसेल तर."

जेवायला पाटोडीची भाजी होती, आणि शेजारच्या लक्ष्मण कोष्ट्याकडून आलेला सावजी रस्सा. हा लक्ष्मण म्हणजे कोष्टीपुऱ्याचा कारभारी. त्या रश्श्याची तर्री एवढी लाल, की आमच्या घरी जो तिखटाचा डबा महिनाभर पुरतो तो तिथे एका पातेल्यात गेला असावा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. नेमके त्याच वेळी सारूबाई सांगत होत्या, की ही जागा रेच्याकडे गेली तर विहिरीला कुलूप लागेल, ताणे पुन्हा रस्त्यावर येतील आणि त्यांना दोघांना म्हातारपणी कुठे पाठवतील देव जाणे. माझे डोळे पाहून त्यांना वाटले की मी फार हळवा माणूस आहे. मी तो गैरसमज दूर केला नाही, कारण बोलता येत नव्हते.

रविवार

बुवांनी स्वतः घंटेला तीन ठोके दिले. मी पुढच्या बाकावर, दाराकडे पाठ करून बसलो. मागे वळून वळून माणसे मोजणे शोभले नसते. उपासना संपत आली की उभा राहून एकदाच मोजायचे, असे मी ठरवले होते.

मंडळीतले लोक आले आणि हळूहळू बसले. बाकांच्या कुरकुरीवरून, खोकल्यांवरून आणि मारुतरावांच्या गुडघ्यावरून मी अंदाज केला, एकोणीस. मग बुवांनी पुस्तक उघडले. एवढ्यात घंटा वाजली.

एकच ठोका. बुवांनी वर पाहिले. पुन्हा एक ठोका. मग एक. मग थोडा वेळ थांबून दोन, लागोपाठ.

मला उलगडायला वेळ लागला. कोष्टीपुऱ्यातून माणसे येत होती. दारात चपला काढत होती, आणि देवाच्या दारात कपाळाशी दोरी लोंबत असेल तर जे करायचे ते प्रत्येक माणूस करत होता. घंटा वाजवून, हात जोडून आत येत होता. पहिल्या साहेबांनी घंटा तात्पुरती खाली टांगली तेव्हा तिचा असा उपयोग होईल हे त्यांच्या ध्यानात आले नसणार. खैरपेठेत ते बाकी सगळ्यांच्या ध्यानात आले होते.

मी मोजू लागलो. मागे पाहण्याची गरजच उरली नव्हती. ज्यांनी घंटा वाजवली नाही ते आमचे, ज्यांनी वाजवली ते शेजारचे. इतकी चोख मोजणी मला कचेरीतही कधी करता आलेली नाही. घंटा चव्वेचाळीस वेळा वाजली. एका म्हातारीला आपला पहिला ठोका नीट लागला नाही असे वाटले आणि तिने परत जाऊन दुसरा दिला. तो मी वजा केला.

बुवांचा चेहरा मी समोरून पाहत होतो, म्हणून खात्रीने सांगतो की त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी त्या दिवसासाठी प्रवचन तयार केले होते ते थोड्या माणसांच्या कळपाविषयी. कळप लहान झाला म्हणून मेंढपाळाने मन मोडू नये, असा विषय. ते त्यांनी खचाखच भरलेल्या चर्चमध्ये, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसांसमोर सांगितले. प्रत्येक वेळी "आपण थोडे आहोत" असे म्हणताना त्यांचा आवाज आणखी खाली गेला. लक्ष्मण दुसऱ्या बाकावर मांडी घालून बसला होता आणि दर वाक्याला "बराबर हाय" म्हणत होता.

गीत मात्र असे झाले की आमच्या सीताबर्डीच्या मंडळीने ऐकावे. भिंतीपलीकडून इतकी वर्षे ऐकलेले ध्रुपद ते लोक भिंतीच्या आत येऊन म्हणत होते. आमचे एकोणीस थोडे मागे पडले.

शेवटी बुवांनी आशीर्वाद दिला. आमचे लोक उठले. बाकीचे बसून राहिले. बुवांनी पुन्हा आशीर्वाद दिला. तरी कोणी हलेना. ते सगळे उजवा हात पुढे करून बसले होते.

सारूबाई एकदम उठल्या, बाजूच्या दाराने घरात गेल्या आणि सुपात गूळ-फुटाणे घेऊन आल्या. प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट पडली, कपाळाला लागली, तोंडात गेली, आणि मग चर्च रिकामे झाले. मला मिळाले तेव्हा मीही खाल्ले. रात्रीच्या रश्श्यानंतर गूळ गोड लागला.

निंबाखाली बुवा माझ्यापुढे आले. ते म्हणाले, "तुम्ही एकोणीसच लिहा. माझी मंडळी तेवढीच आहे. मला इथे राहायचंय, पण असं नाही राहायचं."

लक्ष्मण मागेच उभा होता. तो माझ्याकडे न बघता बुवांनाच म्हणाला, "काहून बुवा? आमी आलतो का नाई? बसलो, गायलो, तुमचं आयकलं. आता आमाले नव्हते म्हनाचं का?"

"तुम्ही जागेसाठी आलात, लक्ष्मण."

"जागेसाठीच आलो. तुमीबी त्याच जागेत आले ना."

मी समितीचा ठराव खिशातून काढून पुन्हा वाचला. त्यात हजर माणसे विचारली होती. कोण कशासाठी हजर आहे याचा रकाना नव्हता, आणि तो असता तर आमच्या सीताबर्डीच्या चर्चमधला भरायला मला अवघड गेले असते. बुवा म्हणाले, मग तुम्ही खोटे लिहिणार? मी म्हणालो, जे हजर होते त्यांना गैरहजर लिहिले तर ते खोटे. मी बासष्ट लिहिले. आयुष्यात मी बिनचूक आकडे पुष्कळ लिहिले आहेत, पण लिहिताना एवढा घाम कधी आला नव्हता.

त्या दिवशी दुपारी ताण्याखालून जाताना मी पुरेसा वाकलो.

परत सीताबर्डी

समितीच्या सभेत बासष्ट हा आकडा वाचला गेला आणि चिटणीस साहेबांनी चष्मा काढला. कोणत्याही खेड्यात कित्येक वर्षांत असे झाले नव्हते. जागा विकण्याची गोष्ट तिथेच मिटली. विहीर राहिली, निंब राहिले, ताणा राहिला. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला, तो जरा लवकर सोडला. कारण चिटणीस साहेब पुढे म्हणाले, की ज्या पाळकाने एका खेड्यात बासष्ट माणसे जमवली, त्याला तिथे ठेवणे म्हणजे वाया घालवणे आहे. खैरपेठची मंडळी आता आपल्या पायांवर उभी राहू शकेल. सीताबर्डीला मात्र बाके रिकामी पडतात, दानिएलबुवांना इथे आणावे.

मी उठलो आणि सगळे सांगितले. घंटा सांगितली, ताणा सांगितला, गूळ-फुटाणे सांगितले, त्रेचाळीस माणसे कोष्टीपुऱ्यातली होती हे सांगितले. लोक आदराने ऐकत होते. चिटणीस साहेब म्हणाले, पहिल्यांदा सगळे असेच काहीतरी कारण घेऊन येतात, मोठ्या जागृतीच्या वेळीही असेच आले होते. मग ठराव झाला. विरोधात एक मत पडले, ते माझे.

उन्हाळा लागायच्या आत दानिएलबुवा आणि सारूबाई नागपुरात आले. लक्ष्मण त्यांना उमरेडपर्यंत पोचवायला आला होता, असे कळले. गाडी सुटताना तो बुवांच्या खांद्यावर एक धोतरजोडा टाकून गेला. सीताबर्डीला बुवांनी कीर्तनाची चाल लावून पाहिली, पण आमच्याकडे बाजाची पेटी वाजवणारे वकीलसाहेब आहेत आणि त्यांना ती चाल जमत नाही. बुवा आता सरळ चालीवर गातात. चेहरा असा, की जणू ते कोणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून आले आहेत आणि निघायची वेळ विचारायला संकोचत आहेत. मी त्यांच्यासमोर बसतो आणि त्या बासष्टांविषयी आम्ही कधी बोलत नाही.

आमच्या चर्चला मनोरा आहे. घंटा वर, आणि तिची दोरी दाराशेजारच्या छोट्या खोलीत येते. ती चौकीदाराशिवाय कोणी ओढत नाही.

लग्नसराईच्या तोंडाशी उमरेडकडचे कोष्टी नागपुरात महाल पेठेतल्या दुकानांवर माल घेऊन येतात. अशाच एका रविवारी बुवा प्रार्थना करत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि घंटा वाजली. एकच ठोका. चौकीदार आतच उभा होता. तो दचकून बाहेर धावला. पुन्हा एक ठोका. वकीलसाहेबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले, जणू मोजणी कचेरीने याचा खुलासा करावा.

मी मागे वळलो नाही. बुवा शब्दावर थांबले होते. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण मान थोडी वर उचलली होती, दूर वाजणारा टाळ ऐकत असल्यासारखी. घंटा सात वेळा वाजली. मग मागच्या बाकांवर पाय वर घेतल्याची कुरकुर झाली, आणि बुवांनी प्रार्थना जिथे सोडली होती तिथून उचलली, फक्त आता चाल लावून.

सारूबाई बाजूच्या दाराने बाहेर गेल्या. गूळ आणायला गेल्या असाव्यात, असा मी हिशेब केला. तो बरोबर निघाला.